ठोक्याचें निदान

मोटार चढ चढूं लागली कीं इंजिनांतून हातोडा आपटल्यासारखे ठोके ऐकूं येत. लोक दोष देत तो चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीच्या ठिणगीला. म्हणून त्यांनीं १९१६ सालीं अमेरिकेंत डेटन येथें थॉमस मिजली या तरुण इंजिनियरास शोधास बसविलें. ठिणगी निर्दोष ठरली. ज्योत पोंचण्यापूर्वींच सिलिंडरांतील उरलेलें इंधन एकदम भडके, त्याचा तो आवाज! १९२१ सालीं शिशाचें एक संयुग पेट्रोलांत मिसळतांच ठोके थांबले. परंतु १९२४ सालीं न्यू जर्सींत तें बनविणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. गाड्यांच्या धुरांतलें शिसें मुलांच्या मेंदूसही बाधे; तरी तें पेट्रोल भारतांत २००० सालीं आणि जगांतील मोटारींसाठीं २०२१ सालीं बंद झालें. निदान अचूक होतें. पण यंत्राची व्याधी माणसांच्या अंगीं गेली.