दुसऱ्या टोकाकडून कोण?

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. दोनच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, दिल्लीच्या कोटला मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी सुरू झाली आणि मुंबईचा एकोणीस वर्षांचा एक किरकोळ अंगाचा मुलगा भारतातर्फे पहिल्यांदा नवा चेंडू घेऊन धावला. त्याचं नाव रमाकांत देसाई. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या नेहमी जोडीनं सांगितल्या जात, कारण वडील त्याच वर्षी नागपूरहून भिलाईत नोकरीला आले होते आणि त्यांच्या आठवणींचं कॅलेंडर तिथून सुरू होत असे.

वेस्ट इंडीजनं त्या डावात ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. देसाईंनी ४९ षटकं टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले. पदार्पणात ४९ षटकं! संघात दुसरा खरा वेगवान गोलंदाज नव्हताच; बाकी सगळा भार सुभाष गुप्ते, विनू मांकड, चंदू बोर्डे यांच्या फिरकीवर आणि पॉली उम्रीगर यांच्या मध्यमगतीवर. समोरच्या संघात वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट अशी जोडी होती. त्या मालिकेत हॉलनं ३० आणि गिलख्रिस्टनं २६ बळी घेतले. आपण पाच कसोटींत चार कर्णधार बदलले, मालिका ३-० अशी हरलो, आणि शेवटच्या कसोटीत एक पोरगा सापडला म्हणून खूश झालो.

पुढची वीस वर्षं भारतीय क्रिकेटच्या चाहत्याची तक्रार एकच होती: सकाळी नवा चेंडू कोण टाकणार? आणि एकजण मिळालाच, तर दुसऱ्या टोकाकडून कोण? सेक्टर ६ च्या बाजारात पानाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर लागलेला असे. फर्स्ट शिफ्ट सुटली की सायकली तिथे टेकत. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, छत्तीसगढी आणि आम्ही मराठी, सगळ्यांची समाईक भाषा हिंदी, आणि हिंदीत समाईक विषय हाच. इंदूरचे सुशील दोशी हिंदीतून समालोचन करू लागले तेव्हा ते आपल्याच प्रांताचे म्हणून आम्हाला जास्त जवळचे वाटत. मराठी समालोचन म्हणजे बाळ ज. पंडित, ते ऐकायला मिळायचं ते सुटीत पुण्याला मावशीकडे गेलो तरच. भिलाईतल्या रशियन इंजिनिअरांना या सगळ्याचं काय वाटत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आता पडतो.

टपरीवर तक्रारीची कारणमीमांसाही होई. वर्ध्याकडचे एक काका छातीठोकपणे सांगत, ‘‘वरणभातानं कुठी बाउन्सर पडते का, भाऊ?’’ दुसरा कोणी हवामानाला दोष देई, तिसरा हाडापेराला. हा सिद्धान्त फार लोकप्रिय होता आणि तो चूक होता. भारताची पहिलीच कसोटी, लॉर्ड्स, जून १९३२: महंमद निसार आणि अमरसिंग यांनी सुरुवात केली आणि पहिल्या अर्ध्या तासात इंग्लंडची अवस्था ३ बाद १९. निसारनं त्या डावात पाच बळी घेतले. म्हणजे आपली सुरुवातच मुळी एका वेगवान जोडीनं झाली होती. अमरसिंग १९४० साली तिशीच्या आतच वारले, फाळणीनंतर निसार पाकिस्तानात गेले, आणि नंतरच्या पिढ्यांना वाटत राहिलं की असं काही आपल्याकडे कधी नव्हतंच. कोल्हापूरचे दत्तू फडकर ३१ कसोटी खेळले, ६२ बळी घेतले आणि फलंदाजीतही उपयोगी पडले. त्यांच्याकडून दोन्ही कामं करून घेतली गेली.

मग नडलं कुठे? मला वाटतं, इथे वडिलांच्या खात्यातला एक साधा नियम उपयोगी पडतो. ब्लास्ट फर्नेसमध्ये खालून हवेचा झोत सोडतात; ती हवा आधी प्रचंड तापवावी लागते. त्यासाठी भट्टीशेजारी उंच स्टोव्ह असतात, आणि ते कधी एकटे नसतात. एक स्टोव्ह भट्टीला गरम हवा देत असतो तेव्हा बाकीचे गॅस जाळून तापत असतात. पहिला निवू लागला की झडपा फिरतात आणि पाळी बदलते. एकाच स्टोव्हवर भट्टी चालवायची म्हटलं तर ती चालणारच नाही; त्यात स्टोव्हचा दोष नाही. भिलाईच्या दहा लाख टनांच्या पहिल्या टप्प्यात भट्ट्याही तीन बांधल्या होत्या. हे सगळं रोज डोळ्यांनी पाहणारी माणसं संध्याकाळी टपरीवर येऊन म्हणत, ‘‘देसाई आता पूर्वीसारखा राहिला नाही.’’

बेसबॉलमध्ये हीच गोष्ट उघडपणे मान्य केलेली आहे. तिथे सामना सुरू करणारा पिचर आज फेकला की पुढचे चार दिवस विश्रांती घेतो, कारण खांदा आणि कोपर त्याहून जास्त सोसत नाहीत. म्हणून संघाला असे पाचजण लागतात, आणि चौथ्या-पाचव्याच्या नावानं तिथले चाहते आयुष्यभर बोटं मोडतात. १९४८ साली बॉस्टन ब्रेव्ह्‌ज संघाकडे भरवशाचे दोनच होते, वॉरन स्पान आणि जॉनी सेन. उरलेल्या दिवशी पाऊस पडू दे रे देवा, अशी चेष्टा तिथल्या वर्तमानपत्रात पद्यात छापून आली. तरी तो संघ त्या वर्षी अमेरिकेच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. आमच्याकडे एकच होता, आणि पाऊस नेहमी भलत्याच दिवशी पडे.

देसाईंना १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात सुरेंद्रनाथ यांची साथ होती, पण ते मध्यमगती. त्या दौऱ्यात लॉर्ड्सवर देसाईंनी ८९ धावांत ५ बळी घेतले. पुढच्या वर्षी पाकिस्तानविरुद्धच्या पाच कसोटींत २१. मोठमोठे फलंदाज त्या बुटक्या गोलंदाजाच्या बाउन्सरखाली वाकत. पण टोक एकच तापलेलं. पुण्याच्या वसंत रांजणे यांनी रणजी पदार्पणातच एका डावात ३५ धावांत ९ बळी घेतले होते. त्यांच्या वाट्याला अख्ख्या कारकिर्दीत ७ कसोटी आल्या, त्यात त्यांनी १९ बळी घेतले. सदानंद मोहोळ १९६७ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि कसोटी न खेळता परतले. पांडुरंग साळगावकरांच्या वेगाबद्दल तर सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभर बोललं जाई. ते भारतीय संघाबरोबर श्रीलंकेला गेले, तेव्हा श्रीलंकेला कसोटी दर्जा नव्हता, आणि कसोटी त्यांना कधीच मिळाली नाही. ही तीन नावं मी मराठी म्हणून घेतली, दुसऱ्या प्रांतातला माणूस आपली तीन घेईल.

या सगळ्या इतिहासातली माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट १९६२ ची आहे. त्या वर्षी मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. जीव वाचला, कसोटी कारकीर्द संपली. मालिका ५-० अशी गेली. मंडळाला जाग आली आणि पुढच्या हंगामात वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज भारतात आणले गेले: गिलख्रिस्ट हैदराबादकडे, चार्ली स्टेयर्स मुंबईकडे, लेस्टर किंग बंगालकडे, चेस्टर वॉटसन दिल्लीकडे. यातला गिलख्रिस्ट तोच, ज्याला १९५९ च्या दौऱ्यातून त्याच्याच संघानं वर्तनाबद्दल घरी पाठवलं होतं.

त्याच सुमारास भिलाईतही परदेशी तज्ज्ञ होतेच. पण सोव्हिएत इंजिनिअर आपल्या माणसांशेजारी उभे राहत, भट्टी कशी चालवायची ते दाखवत, आणि काम शिकून झालं की परत जात. या चार गोलंदाजांना कशासाठी आणलं होतं? आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी म्हणून. वेगवान गोलंदाज घडवावेत हा हेतू मुळात नव्हताच. म्हणजे आग लागली तेव्हा आपण भिजलेली घोंगडी विकत आणली, विहीर खणली नाही. ते हंगाम संपल्यावर गेले, आणि मागे कोणी दुसरा-तिसरा तयार झाला नाही. वेगवान गोलंदाजांना शिकवण्यासाठी म्हणून एक कायमची जागा, मद्रासची एमआरएफ पेस फाउंडेशन, डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली निघाली ती १९८७ साली. मध्ये पंचवीस वर्षं गेली.

त्या पंचवीस वर्षांत काय घडलं ते आकड्यांपेक्षा दृश्यांनी सांगितलेलं बरं. जुलै १९६७, एजबॅस्टन: बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघे एकत्र खेळलेली एकमेव कसोटी, आणि नवा चेंडू सुब्रमण्यम यांच्याबरोबर टाकायला आला यष्टिरक्षक बुधी कुंदरन. आपण १३२ धावांनी हरलो. नंतर एकनाथ सोलकर आणि अबिद अली यांची जोडी. सोलकरांसारखा शॉर्ट लेगचा क्षेत्ररक्षक पुन्हा झाला नाही, पण २७ कसोटींत त्यांचे बळी १८. काही वेळा तर सुनील गावस्करांनीही नवा चेंडू हाती घेतला. या षटकांचा हेतू बळी घेणं हा नसेच; चेंडूची लकाकी घालवायची आणि तो बेदींकडे द्यायचा. गवत नसलेल्या खेळपट्ट्या, खरबरीत मैदानं, तीन षटकांत जुना होणारा चेंडू: अशा व्यवस्थेत रणजीतला होतकरू मध्यमगती गोलंदाज सकाळी तीन षटकं टाकून दिवसभर सीमारेषेवर उभा राही. त्याला शिकायला षटकंच मिळत नव्हती. मुंबईत कांगा लीगच्या पावसाळी, ओलसर खेळपट्ट्यांवर तेवढी त्याची चैन.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की या व्यवस्थेनं आम्हाला आनंदही दिला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं, तेव्हा कोणालाही दुसऱ्या टोकाची आठवण झाली नाही. ती झाली १९७४ मध्ये. लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६२९ धावा केल्या, बेदींनी ६४ षटकांहून जास्त गोलंदाजी करून २२६ धावांत ६ बळी मिळवले, आणि मग आपण ४२ मध्ये बाद झालो. लोक ४२ लक्षात ठेवतात. मला २२६ जास्त लागतो. १९७६ मध्ये किंग्स्टनला होल्डिंग आणि मंडळींनी आपले फलंदाज जखमी केले, दुसऱ्या डावात पाचजण खेळायलाच उतरले नाहीत. त्या रात्री टपरीवर शिव्या वेस्ट इंडीजला होत्या. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘‘आपल्याकडे परत टाकणारा कोणी असता, तर त्यांनी विचार केला असता.’’

देसाईंचा शेवट त्याआधीच झाला होता. १९६८ मध्ये ड्युनेडिनला डिक मॉट्झच्या चेंडूनं त्यांचा जबडा मोडला. तशाच अवस्थेत त्यांनी बेदींबरोबर शेवटच्या जोडीसाठी ५७ धावा जोडल्या. त्याच दौऱ्यात कसोटी कारकीर्द संपली. वय २८, कसोटी २८, बळी ७४.

कपिलदेव १६ ऑक्टोबर १९७८ ला फैसलाबादला आला आणि करसन घावरींच्या रूपानं त्याला काही काळ दुसरं टोकही मिळालं. पण नंतर तोही एकटा पडत गेला, आणि जवागल श्रीनाथ तयार होऊन आला तेव्हा मायदेशातल्या कसोटींत तीन फिरकी गोलंदाजांपुढे जागा नव्हती. त्या तिघांत एक आमचा होता: भिलाईचा ऑफस्पिनर राजेश चौहान, २१ कसोटी, त्यातली एकही भारत हरला नाही. सगळ्या टाउनशिपला त्याचा अभिमान. लोखंडाच्या गावानं देशाला दिला तो फिरकी गोलंदाज, यावर वडील बरेच दिवस हसत होते.

छत्तीसगडला रणजीत स्वतंत्र संघ मिळाला २०१६-१७ च्या हंगामात. तोवर आम्ही मध्य प्रदेशाचे, आणि मनानं निम्मे विदर्भाचे. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, २०११ मध्ये भारताकडून खेळला. २०१७ च्या डिसेंबरात विदर्भ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत गेला. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकवर पाच धावांनी मात, रजनीश गुरबानीचे दुसऱ्या डावात ६८ धावांत ७. अंतिम सामना इंदूरला, दिल्लीविरुद्ध. गुरबानीनं तिथे हॅट्‌ट्रिक घेतली, दुसऱ्या टोकाकडून पहिलाच प्रथमश्रेणी सामना खेळणारा आदित्य ठाकरे होता, तिसरा सिद्धेश नेरळ. विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. उमेश तेव्हा भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला होता.