साबण आणि त्यावरील लेबल

घरात जी वस्तू आपणच करतो व आपणच वापरतो, तिच्यावर नाव लिहिण्याचे कोणास सुचत नाही. लोणच्याच्या बरणीत काय आहे हे ते घालणारीच्या हातास ठाऊक असते. वस्तू उंबरठा ओलांडून परक्याच्या घरी गेली, म्हणजे मात्र हाताची साक्ष संपते व अक्षरांची साक्ष लागते. साबणाचा इतिहास आम्ही चाळला तो ह्या दृष्टीने; आणि रसायनाच्या ह्या इतिहासाबरोबर विश्वासाचाही एक इतिहास चालत आलेला आहे, असे आम्हांस दिसून आले.

पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने साबणाचा उल्लेख केला आहे. गॉल लोक बोकडाची चरबी व बीच झाडाची राख ह्यांपासून तो करीत आणि केस तांबूस करण्यासाठी लावीत, असे तो सांगतो. धुण्याच्या कामी साबण पुढे रुळला, तरी कृतीचे मूळ तेच राहिले : राखेतून पाणी गाळून खार काढावयाचा व त्यात चरबी शिजवावयाची. अमेरिकेतील वसाहतवाल्यांच्या घरी हे काम बायका करीत. खाराचे पाणी पुरेसे तीव्र झाले की नाही हे पाहण्यास त्या त्यात अंडे सोडीत. अंडे बुडाले तर पाणी कच्चे. नाण्याएवढा भाग वर ठेवून तरंगले तर ठीक. लाकडाच्या राखेतील खाराने साबण मऊ, लगद्यासारखा होई. त्याची घट्ट वडी हवी असल्यास मीठ घालावे लागे. ह्या साबणास लेबल नव्हते, कारण फसवणारा व फसणारा अशा दोन व्यक्तीच तेथे नव्हत्या.

व्यापार वाढला तेव्हा प्रश्न उपस्थित झाला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८८ साली मार्सेयच्या साबणाविषयी आज्ञापत्र काढले. साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज दुसरा स्निग्ध पदार्थ घालू नये, आणि जून, जुलै व ऑगस्ट ह्या उन्हाळ्याच्या महिन्यांत कारखाने बंद ठेवावे, असे त्याने फर्मावले. मोडणाऱ्याचा माल जप्त होई. म्हणजे नावामागे कृतीची हमी राजसत्तेने उभी केली.

इंग्लंडातील सत्तेने साबणाकडे पाहिले ते निराळ्या डोळ्यांनी. तेथे १७१२ साली साबणावर कर बसला व तो १८५३ साली ग्लॅडस्टनने उठवीपर्यंत चालला. चोरून साबण शिजू नये म्हणून अंमलदार कढयांच्या झाकणांस कुलपे घालीत. इतकी करडी देखरेख. पण ती वजनावर होती, गुणावर नव्हती. सरकारी कुलूप असले म्हणजे माल चोख असतोच असे नाही, हा धडा आजही विसरण्याजोगा नाही.

मध्यंतरी दोन फ्रेंच रसायनज्ञांनी ह्या धंद्याचे रूप पालटले. लब्लांने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, तेव्हा राखेची गरज सरत चालली. शेव्रल ह्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरबीचे घटक उलगडून दाखविले : तिच्यात स्निग्धाम्ले व ग्लिसरिन ही एकत्र बांधलेली असतात, आणि खार ती गाठ सोडवून आम्लांशी स्वतः जडतो. अंड्याच्या जागी तराजू आला तो ह्या ज्ञानाने. हजार ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तितक्याच ऑलिव्ह तेलास सुमारे १३५. एकाचे माप दुसऱ्यास लावले तर उरलेला सोडा कातडी जाळतो.

तोपर्यंत इंग्लंडातील किराणा दुकानदार साबणाच्या लांब कांबीतून तुकडा कापून वजनावर विकीत असे. गिऱ्हाईक विश्वास ठेवी तो दुकानदारावर. विल्यम लीव्हर ह्याने १८८४ साली ‘सनलाइट’ हे नाव नोंदविले आणि साबणाच्या वड्या वेष्टनात गुंडाळून विकावयास काढल्या. त्या दिवसापासून दुकानदार मागे पडला व वेष्टन बोलू लागले. ही सोय खरी. पण साबण न पाहता, न हुंगता, केवळ नाव वाचून घेण्याची सवयही तिनेच लावली.

आपल्याकडे अंग व केस धुण्याचे काम शिकेकाई, रिठे, डाळीचे पीठ ह्यांवर भागत असे. नरकचतुर्दशीचे उटणे त्याची आठवण अजून राखून आहे. साबण आला तेव्हा त्यात चरबी कोणाची, ही शंका त्याच्याबरोबरच आली. मुंबईत आर्देशिर गोदरेज ह्यांनी १९१८ साली वनस्पतिजन्य तेलाचा साबण काढला तो ह्या शंकेस उत्तर म्हणून उपयोगी पडला. त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु जगातील असा पहिला साबण म्हणून त्याचे जे वर्णन कधी कधी केले जाते, ते मार्सेयच्या आज्ञापत्रापुढे टिकत नाही. इतिहासासही कोणी खोटे लेबल लावू नये.

आता साबण पुन्हा घरी परतला आहे. गावोगावच्या प्रदर्शनांत बचत गटांच्या भगिनी हळदीचे, कडुनिंबाचे साबण मांडतात, ह्याचा आम्हांस आनंद वाटतो. मात्र त्यांपैकी पुष्कळांवर ‘केमिकल-फ्री’ असे छापलेले आढळते, आणि तेथे आम्ही थबकतो. खारावाचून साबण होत नाही. तो प्लिनीच्या काळीही झाला नाही. नीट मापाने केलेल्या व चार-सहा आठवडे वाळविलेल्या वडीत मोकळा सोडा उरत नाही हे खरे. पण उरत नाही म्हणणे निराळे आणि घातलाच नाही म्हणणे निराळे. दुसऱ्या बाजूस कारखान्याच्या वेष्टनावर ‘सोडियम टॅलोएट’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. ते खरे असते; परंतु त्याचा अर्थ जनावराच्या चरबीचा साबण, हे किती जणांस कळते? एक लेबल खोटे बोलते, दुसरे न कळेल अशा भाषेत खरे बोलते.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली, व आज विक्रीसाठी साबण करणाऱ्यास परवाना लागतो. हा जाच आहे अशी तक्रार आम्ही ऐकतो, आणि लहान कारागिरास तो जड जातो हे नाकारवत नाही. पण परवाना असो वा नसो, तेल कोणते, खार कोणता, वडी केव्हा पाडली, कोणी केली, एवढ्या चार गोष्टी स्वच्छ मराठीत लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे? घरच्या साबणाचे मोल तो घरचा आहे एवढ्यात नाही. करणारीस आत काय आहे हे ठाऊक असते, ह्यात आहे. ते ठाऊक असलेले तिने जसेच्या तसे कागदावर उतरविले, तर उंबरठा ओलांडतानाही तिच्या हाताची साक्ष साबणाबरोबर जाईल.