मुस्तफा जाडा कसा झाला?

हार्बर लाइनची गाडी थांबते. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, दारातली माणसं "कोळीवाडा आला, सरका" म्हणत उतरतात आणि त्यांच्या रेट्यात तुम्हीही उतरता. साल 1995. तुमच्या खिशात मात्र आजचा मोबाइल आहे, त्यात जुन्या मशीनची नक्कल करणारा इम्युलेटर आणि लहानपणीचे सगळे गेम. पिक्सेल न् पिक्सेल कोरून काढल्यासारखा. त्या स्वच्छपणाचा तुम्हाला जरा गर्वच आहे.

फाळणीनंतर इथे वसलेल्या पंजाबी कुटुंबांच्या वस्तीकडून तळणाचा वास येतोय. लालभडक कोळंबी, जिला सगळा देश 'कोळीवाडा' म्हणूनच ओळखतो. मोह आवरा, गल्लीत वळा. दप्तर पाठीवर तसंच ठेवून पोरं जिथे घुटमळतायत, तेच व्हिडिओ गेम पार्लर.

आत मुद्दाम अंधार. लाकडी खोक्यातल्या पडद्यावर कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' चाललाय. हे नाव इथे कुणाच्या तोंडी नाही. गेमचं नाव मुस्तफा. चार पात्रांपैकी तो टोपीवाला एक. हीरो दुसराच कुणी, पण मुंबईच्या पोरांनी आपला हीरो कधीच निवडलाय.

पुढे सरका, काचेला नाक लागेल इतके. चौकोन शोधताय ना? नाहीत. आत पिक्चर ट्यूब आहे. इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रंगवत धावतोय आणि दोन ओळींमध्ये केसाएवढी काळी फट सोडतोय. उजळ ठिपका फुगून शेजारच्यावर सांडतो, काळपट ठिपका आक्रसतो. मुस्तफाचा चेहरा म्हणजे मूठभर ठिपके, पण ते एकमेकांत असे मिसळलेत की गालाला गोलाई आलीय. जपानमधल्या चित्रकाराने तो चेहरा अशाच नळीवर पाहून पक्का केला होता. त्याच्या कामाचा शेवटचा हात ट्यूबच फिरवत असे.

आता मोबाइल काढून शेजारच्या पोराला दाखवा. तो क्षणभर बघतो.

"काका, हा मुस्तफा जाडा कसा झाला?"

बरोबर पकडलंय त्याने. या गेमचं चित्र 384 ठिपके आडवं आणि 224 ओळी उभं. तुम्ही प्रत्येक ठिपका काटेकोर चौरस ठेवलात, म्हणून पडदा 12:7 झाला. पार्लरचा पडदा 4:3, म्हणजे तिथे ठिपका मुळात चौरस नव्हताच, उभट होता. तुमचा मुस्तफा सव्वापटीहून जास्त रुंद झालाय. अचूकतेच्या नादात माणूस सुजवलात!

सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा. "हां, आता ठीक. पण तोंडावर फरशा का बसवल्यात?" याला तुमच्याकडे उत्तर नाही.

पार्लरमधून बाहेर या. पुढच्या घराच्या उघड्या दारातून मारिओचं संगीत ऐकू येतंय. एक पोरगं गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारून पुन्हा टीव्हीसमोर बसलंय. इथलं चित्र पार्लरपेक्षा कितीतरी पुसट. पार्लरच्या मशीनमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांनी ट्यूबपर्यंत जातात. इथे सगळं एकत्र कालवून अँटेनाच्या भोकातून टीव्हीत शिरतं. लाल सर्वांत जास्त पसरतो, त्यामुळे मारिओची टोपी कडेने ओघळलेली दिसते. मुळात ती टोपी आली तीच 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये, इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणं अवघड म्हणून. आणि मिशी आली नाक उठून दिसावं म्हणून. तरी खरं सांगायचं तर इतका ओघळ कुणा चित्रकाराला हवा असेल असं मला वाटत नाही. जुनं ते सगळंच सोनं नव्हे. पार्लरचा पडदा हवा, अँटेनाची वायर नको.

आणि नुसती काळी फट हवी म्हणून मोबाइलमध्ये 'स्कॅनलाइन'चा फिल्टर लावाल तर सावध. स्वस्तातले फिल्टर फक्त पट्टे ओढतात. उजळ ठिपका फुगवत नाहीत. चित्र अंधारतं आणि चेहरा जिथे होता तिथेच राहतो.

ओट्यावर पार्लरमधलं मघाचं ते पोरगं येऊन बसलंय, हातात ब्रिक गेम. खोक्यावर 9999 गेम असल्याची थाप, आत तेच चारदोन फिरवून-फिरवून. आडवे दहा, उभे वीस चौकोन. एलसीडी, काळा नाहीतर कोरा, मधलं काही नाही. झोत नाही, सांडणं नाही. हा गेम मोबाइलवर लावा, फिल्टर काढून टाका, कडा हव्या तेवढ्या धारदार करा.

पोरगं दोन्ही पडदे शेजारी धरून बघतं. "हा सेम आहे," म्हणतं, आणि तुमचा मोबाइल परत देऊन आपला खेळायला लागतं.