झांडर यंत्रे

झांडर यंत्रे ही स्वीडिश वैद्य गुस्ताव झांडर (१८३५–१९२०) यांनी व्यायाम व उपचार यांसाठी तयार केलेली यंत्रे होत.

पार्श्वभूमी
पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांच्या स्वीडिश व्यायामपद्धतीत प्रशिक्षक स्वतःच्या हातांनी रुग्णाच्या हालचालीला विरोध करीत असे. त्यामुळे एका वेळी एकाच रुग्णाकडे लक्ष देता येई आणि विरोधाचे प्रमाण अंदाजानेच ठरे. हे काम यंत्रांकडे सोपवून झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे २७ यंत्रांची संस्था सुरू केली.

रचना
काही यंत्रे रुग्ण स्वतःच्या बळाने चालवीत असे. तरफेवरील वजन सरकवून विरोध मोजून कमीजास्त करता येई. इतर यंत्रे वाफेच्या इंजिनावर चालत. त्यांत घोडेस्वारीसारखे हेलकावे देणारे खोगीर, तसेच पोट चोळणारी व पाठीवर थापट्या मारणारी यंत्रे होती.

प्रसार
१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर ही यंत्रे यूरोप-अमेरिकेतील आरोग्यधामांत पोहोचली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेतही याच परंपरेतील विजेचे घोडे व उंट होते.

मूल्यमापन
वजन मोजून क्रमाक्रमाने वाढविण्याचे तत्त्व आजच्या व्यायामयंत्रांत व भौतिकोपचारात टिकून आहे. यंत्रानेच शरीर हलविल्यास आखडलेले सांधे मोकळे होण्यास मदत होते. परंतु श्रम इंजिनाचे असल्याने स्नायूंचे बळ वाढत नाही. तरीही विनाश्रम आरोग्याचे आश्वासन पुढे कमरेला पट्टा लावून हादरे देणाऱ्या यंत्रांच्या रूपाने पुन्हा विकले गेले.