सात दिवसांचा मुक्काम : श्रमशिबिरांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण ७२च्या दुष्काळाबद्दल बोललो. आजचा विषय त्याच्याच शेजारचा आहे.

दर हिवाळ्यात पुण्यातल्या कॉलेजांच्या दारात एक दृश्य दिसतं. टेम्पोत घमेली, टिकाव, फावडी, पातेली आणि सतरंज्या चढतात. मागच्या बसमध्ये पन्नासेक मुलंमुली. मुळशी, भोर किंवा पुरंदरमधल्या एखाद्या गावच्या शाळेत सात दिवस मुक्काम. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी-नाटुकली. हे राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं शिबिर. तुमच्यापैकी कित्येकांनी ते केलं असेल. काहींनी वाढीव गुणांसाठी केलं असेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घर सोडून, एकत्र राहून, हातात कुदळ घ्यायची ही कल्पना आली कुठून? आणि त्यातून उरतं काय?

पहिला धागा युरोपातला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर काही सोबत्यांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात गेला. त्या तुकडीत जर्मनही होते. कालपर्यंतच्या शत्रूंनी एकत्र राहून घरं उभारायची, असा तो प्रयोग. हाच सेरेसोल १९३४च्या भूकंपानंतर बिहारात आला आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामाला लागला.

दुसरा धागा अमेरिकेतला. मंदीच्या काळात, १९३३ साली, रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे तळ जंगलांत उभे केले. १९४२पर्यंत सुमारे ३० लाख तरुण तिथे राहून गेले. त्यांनी झाडं लावली, डोंगरवाटा बांधल्या, धूप थांबवली. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ थेट घरी. हा पगाराचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा धागा आपल्या घरचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि अंगमेहनत करायची. पुढे १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हेच सूत्र होतं. ज्या समाजात कुदळ कोणी धरायची हे जन्मावरून ठरत होतं, तिथे सगळ्यांनी ती धरणं ही साधी गोष्ट नव्हती.

हे धागे पोटात घेऊन २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, एनएसएस सुरू झाली. ३७ विद्यापीठं, सुमारे ४० हजार विद्यार्थी. आणि लगेच महाराष्ट्रात दुष्काळ पडला. १९७३ साली देशभरच्या शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध तरुण' असा होता.

आता इथे जरा थांबू. त्याच १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. म्हणजे एकाच उन्हात, एकाच प्रकारच्या मातीत दोन प्रकारचे हात राबत होते. एकाचं नाव श्रमदान, दुसऱ्याचं मजुरी. एकाला शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळायचं, दुसऱ्याला आठवड्याच्या पगाराची वाट बघावी लागायची. दान कोण करू शकतं? ज्याची संध्याकाळची भाकरी पक्की आहे तो. १९७७च्या रोजगार हमी कायद्यानं काम हा हक्क मानला, तो या दुसऱ्या हातांमुळे. शिबिरांचा गौरव करताना आपण हे विसरतो.

मग शिबिरं फोल का? आमचाच अनुभव सांगतो. विद्यार्थी असताना आम्ही पुरंदरच्या एका उतारावर समतल चर खोदले. चराचं गणित सोपं असतं: उतारावर एकाच पातळीची रेषा आखायची, त्या रेषेवर खोदायचं आणि निघालेली माती खालच्या अंगाला रचायची. पाणी चरात थांबतं, मुरतं. पण पातळी जरा चुकली की सगळं पाणी सखल टोकाला धावतं आणि बांध फोडतं. आमची रेषा चुकली होती. एक म्हातारे शेतकरी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरांनो, पाणी हिकडं जातंय." आम्ही हसून पुढे खोदत राहिलो. चार वर्षांनी तिथे गेलो, तर अर्धे चर गाळानं भरलेले आणि एका ठिकाणी घळ पडलेली.

त्याच पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकानं दुष्काळानंतर देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन घेऊन पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस लावायचा नाही. फरक कशात होता? आम्ही सात दिवसांनी परतलो, ते वर्षानुवर्षं तिथे राहिले. आणि पाणी कोणाचं, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत आणखी एक गोष्ट दिसते. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन, आणि यजमान कोण, तर कुष्ठरोगातून बरे झालेले शेतकरी. शहरी पोरगा तिथे उपकार करायला जात नाही, शिकायला जातो. आमच्या शिबिरात नेमकी हीच उलटापालट व्हायची राहून गेली होती.

आज पुण्यातली मुलं गडांवर जातात. राजगडावर वाटा सांभाळतात, टाक्यांतला गाळ काढतात. छान आहे. पण राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे; परवानगी आणि जाणकार यांच्याशिवाय तिथला दगडही हलवू नये. आणि पायथ्याच्या गावातल्या माणसाला आधी विचारावं, पाणी कुठून जातं म्हणून.

आमच्या मते शिबिराची कसोटी एकच. आठव्या दिवशी नाही, चौथ्या पावसाळ्यात तिथे जाऊन बघायचं. चर भरला असेल तर तो पुन्हा उपसायला कोण येणार, हे ठरवूनच पहिली कुदळ मारायची. इतकं केलं, तर सात दिवस कमी नाहीत.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.