जाते, रहाट आणि कांडी

इचलकरंजीतल्या बायकांच्या अंगमेहनतीचा इतिहास मागाच्या इतिहासात गुंफलेला आहे. घोरपड्यांच्या जहागिरीच्या या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. त्याआधी विणकाम हातमागावर, घरातच चाले, आणि मागाला बाणा, म्हणजे आडवे सूत, पुरवायचे काम बायकांकडे असे. बाई रहाटापुढे जमिनीवर बसे, एका हाताने चाक फिरवी, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून कांडीवर सूत सोडी. कांडी भरली की ती धोट्यात जाई. काम तासन् तास चाले, पण त्याने धाप लागत नसे.

धाप लागे ती दुसरीकडे. दळण, कांडण, पाणी भरणे हे रोजचेच. श्रमाची तीव्रता ओळखायची आजची एक सोपी खूण अशी: मध्यम श्रमात बोलता येते, पण गाता येत नाही, जोरकस श्रमात चार शब्दांनंतरच दम घ्यावा लागतो. या खुणेने पाहिले तर जात्यावरची ओवी बरेच काही सांगते. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत, आणि ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर चाले. गाणे टिकत होते, म्हणजे श्रम हलका ते मध्यम या सीमेवरचा असावा. मात्र दगडाचे ओझे हातांना आणि खांद्यांना सतत ताण देई. नागपंचमीच्या आणि गौरीच्या झिम्मा-फुगडीत गोष्ट वेगळी. फुगडीचा वेग वाढला की गाणे सुटते आणि तोंडाने नुसता पकवा घातला जातो. हे थोड्या वेळाचे, पण खरेखुरे जोरकस श्रम. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ही मेहनत बाळंतपणे आणि अपुरे खाणे सोसतच होत होती.

पुढे पिठाची गिरणी आली, नळ आले, माग कारखान्यात गेला. रहाटाची जागा कांडी मशीनने घेतली आणि तिच्यापुढे उभी राहणारी ती कांडीवाली. भरलेली कांडी काढायची, रिकामी बसवायची, तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा पुढच्या चात्याकडे. पाय दुखून येतात, पाठ भरून येते, पण हृदयाची गती फारशी वाढत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

हा फरक पन्नाशीच्या आसपास महागात पडतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन घटले की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात साठू लागते, वाईट कोलेस्टेरॉल वाढते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या पुढे जाणे ही दक्षिण आशियाई स्त्रीसाठी धोक्याची पहिली खूण मानली जाते. काम करणारा स्नायू मात्र इन्सुलिनची फार वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. उतारवयात हालचालीला औषधाचे मोल येते ते यामुळे.

तीव्रता किती हवी, याचे उत्तर दिलासा देणारे आहे. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या ४६४ बैठ्या, स्थूल स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला सुमारे ७२ मिनिटांच्या मध्यम व्यायामानेही दमसास सुधारला. व्यायाम वाढला तशी सुधारणाही वाढली. वजन मात्र फारसे घटले नाही, तेव्हा काट्यावरून निकाल लावणे चुकीचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचालीचा आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. यातला शेवटचा भाग जात्याने कधीकाळी नकळत भरून काढला होता. कांडीखात्यात त्याला जागा नाही.

आता कांडीखातेही मागे पडत आहे. बिनधोट्याच्या मागांवर बाणा थेट कोनावरून ओढला जातो आणि कांडी लागतच नाही.