मालकासाठी केलेला संप

पगारवाढीचा संप, बोनसचा संप आपल्याला माहीत आहे. १९८२ चा गिरणी संप तर घराघरांत ऐकलेला. पण काढून टाकलेला साहेब परत आणा म्हणून कामगार रस्त्यावर उतरले, असं ऐकलंय कधी? अमेरिकेत २०१४ साली हे झालं.

‘मार्केट बास्केट’ ही बोस्टनच्या आजूबाजूची सुपरमार्केटची साखळी. १९१७ मध्ये लॉवेल या गिरण्यांच्या गावात ग्रीसहून आलेल्या डेमूलास कुटुंबाने छोटं दुकान टाकलं, त्याचा हा पसारा. २०१४ पर्यंत ७१ दुकानं आणि सुमारे २५ हजार कामगार झाले. युनियन मात्र नाही.

साहेब होते आर्थर टी. डेमूलास. कामगारांना नावानिशी ओळखायचे, लग्नाला-मयताला जायचे, हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पैशाचा व्यवहार. नफ्यातला वाटा कामगारांच्या निवृत्ती फंडात जायचा. २००८ च्या मंदीत त्या फंडाला जवळपास ४ कोटी ६० लाख डॉलरचा खड्डा पडला, तो कंपनीने स्वतःच्या पैशातून भरून दिला. पिशव्या भरणारं पोरगं पुढे मॅनेजर होऊ शकतं, हेही तिथे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

पण घरात भाऊबंदकी. (ती काय आपल्याकडेच असते थोडीच!) चुलतभावाचं नावही आर्थरच, आर्थर एस. संचालक मंडळ त्याच्या गटाच्या हातात होतं. जून २०१४ मध्ये त्यांनी आर्थर टीं.ना काढलं. जुलैत निदर्शनं सुरू झाली, तेव्हा पुढाकार घेणाऱ्या आठ जणांनाही घरी बसवलं. मग गोदामवाले आणि ट्रकवाले थांबले. भाजी आणि मटणाची फळकुटं रिकामी पडली. दुकानातली माणसं कामावर यायची, पण विकायला मालच नाही. गिऱ्हाइकं तर कामगारांच्याही पुढे गेली. दुसरीकडे खरेदी करायची आणि ती पावती आणून मार्केट बास्केटच्या काचेवर चिकटवायची!

सहा आठवड्यांत मंडळ नमलं. २७ ऑगस्टला सौदा ठरला आणि आर्थर टीं.च्या बाजूने उरलेले ५०.५ टक्के शेअर दीड अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतले.

ही गोष्ट मालक-कामगार प्रेमाची म्हणून सांगतात. मला ती अर्धीच पटते. कामगार आपला फंड आणि आपली बढतीची वाट वाचवत होते. आणि जिंकूनही त्यांच्या हातात लेखी काही आलं नाही. करार नाही, मंडळावर एक खुर्चीसुद्धा नाही.

२०२५ मध्ये आर्थर टीं.ना पुन्हा काढलं. यावेळी वाद सख्ख्या बहिणींशी होता, बहुमत त्यांच्याकडे. २०१४ सारखा संप मात्र झाला नाही.